फ्रीजरमधला बर्फ जितका जास्त थंड, तितकं पेय जास्त गार होतं का?

होतं, पण वाटतो त्यापेक्षा फरक बराच कमी पडतो. गार करण्याचं मुख्य काम बर्फाचं वितळणं करतं. हिशोब बघा: उणे 18 अंशांवरचा 1 ग्रॅम बर्फ 0 अंशापर्यंत यायला साधारण 38 ज्यूल उष्णता घेतो. तोच 0 अंशावर वितळताना मात्र तब्बल 334 ज्यूल ओढतो, आणि तेही तापमान जराही न वाढता! म्हणून ग्लासात पुरेसा बर्फ असेपर्यंत ढवळलेलं पाणी 0 अंशाच्या आसपासच राहतं. न वितळणारे स्टीलचे क्यूब त्यामुळेच मला फारसे पटत नाहीत.

झटपट गार हवं असेल तर बर्फ फोडून टाका, पृष्ठभाग वाढतो. बाटली मात्र नुसत्या बर्फात खुपसू नका. बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवा, कारण खड्यांमधल्या हवेपेक्षा पाणी उष्णता कितीतरी भराभर वाहून नेतं. त्यात भरपूर मीठ घातलं तर मिश्रण 0 च्या बरंच खाली उतरतं, अगदी उणे 21 अंशांपर्यंतही जाऊ शकतं. काचेची बाटली असेल तर लक्ष ठेवा, आतलं गोठून फुगलं की ती तडकते.