३०० मिमीच्या लेन्सनं झाडीतले लाजरे पक्षी टिपता येतात, की ६००ची घ्यावीच लागते?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात राहता, ७०-३००ची लेन्स आहे (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं), यवतेश्वर-कासच्या रस्त्याला झाडीतून आवाज भरपूर येतात पण फोटोत नुसती पानं येतात, आणि आता हप्त्यावर १५०-६०० घ्यायचा विचार आहे. थांबा. निदान एक पावसाळा जाऊ द्या.

मी घाई केली होती. मोठी लेन्स आली आणि पुढचे तीन महिने माझ्याकडे तीच पानं जास्त मोठी होऊन आली. गच्च झाडीत फोटो बिघडतो तो उजेड नसतो म्हणून आणि मधे काटक्या असतात म्हणून. अंतर हा त्यातला सगळ्यात लहान प्रश्न. शिवाय आपल्याला परवडणारी ६०० त्या टोकाला एफ ६.३च्या पुढे उघडत नाही (हा आकडा जितका मोठा, तितका आत येणारा उजेड कमी), म्हणजे तुमच्या आत्ताच्या लेन्सपेक्षा उजेड कमीच, फार तर तेवढाच.

माझा पहिला नवरंग जुनाट ३००नंच मिळाला, जूनच्या सुरुवातीला. हा पक्षी जमिनीवरचा. पालापाचोळा उलटून किडे शोधतो आणि पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची खणखणीत शीळ घालतो. शीळ ऐकून त्याच्या मागे गेलात की संपलं, तो सरकत सरकत आत जातो. मी सलग तीन रविवार असाच मागे पळालो. चौथ्या रविवारी कंटाळून एका झाडाला टेकून बसलो. वीसेक मिनिटं काहीच नाही. मग सातभाई पक्षी आले, माझ्याकडे बघून कलकलाट करून गेले. त्यानंतर पाचोळा वाजायला लागला. हा आवाज ओळखायला शिका: सापसुरळी गेली तर सलग सळसळ होते, पक्षी मात्र खसखस करतो, थांबतो, परत खसखस. नवरंग स्वतःहून आठ-दहा फुटांवर आला. तेवढ्या अंतराला ३००सुद्धा जास्त होते.

बसायचं तर शक्यतो जमिनीवरच. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा आला की मागचा पाचोळा आपोआप धूसर होतो. कॅमेरा टेकवायला मी जुन्या जीन्सचा एक पाय शिवून त्यात शाळू भरला होता. ठोसेघरला पावसात भिजला आणि चार दिवसांनी त्याला मोड आले. आता थर्माकोलचे दाणे भरतो.

सेटिंगचं थोडक्यात. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा पुढची काटकी धरतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० ठेवायला घाबरू नका; त्यानं येणारा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला पक्षी सरळ करता येत नाही. पक्षी थबकला असेल आणि लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर १/१२५ सेकंदाच्या शटरवरही फोटो निघतो, फक्त आठ-दहा काढा, त्यातला एक धड असतो. रॉमध्येच काढा, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये; नंतर सुधारायला वाव राहतो. शीळकरी कस्तूर ओढ्यातल्या दगडावर बसतो तेव्हा मागच्या पांढऱ्या पाण्यानं कॅमेरा फसतो आणि आधीच गडद असलेला पक्षी कोळसा होतो. तिथं एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेडाइतकं, वाढवा, मग खांद्यावरची निळी झाक दिसेल.

उन्हाळ्यात कासच्या बाजूपेक्षा सागरेश्वर बरं, कराडच्या पुढे देवराष्ट्र्याजवळ. जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, तेही उघड्या डोंगरांवर झाडं लावून उभं केलेलं, धों. म. मोहित्यांचं काम. जंगल कोरडं असल्यामुळं एप्रिल-मेमध्ये पक्ष्यांना पाण्यावर यावंच लागतं. दुपार कलताना पाणवठ्यापासून लांब, वाटेवरच बसून राहा. स्वर्गीय नर्तक हा लांब शेपटीचा पक्षी पाण्यावर झेप मारून परत त्याच फांदीवर येतो, तर पाण्याऐवजी फांदीवर फोकस लावून ठेवा. कोयना-चांदोलीत परवानगीशिवाय आत शिरू नका, हे सांगायला नको.

आणि मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. मी एकदा केलंय. विणीच्या दिवसांत आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं, म्हणून तो येतो. आला, आणि दहा मिनिटं नुसता या झाडावरून त्या झाडावर सैरभैर उडत राहिला. फोटो चांगला आलाय. कुणाला दाखवत नाही. घरट्याजवळ जाऊन फोटो काढणारे तर आणखी पुढचे, त्यांच्या नादी लागू नका.

एवढं करूनही ६०० घ्यावीशी वाटली, तर आधी पुण्यातून दोन दिवस भाड्यानं आणा आणि ती खांद्याला अडकवून सज्जनगडाच्या पायऱ्या चढून बघा.