माळवदावरची दुर्बीण आणि कृष्णविवराचा पुरावा

प्रश्न : मी सेलू तालुक्यातील (जि. परभणी) एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे २०० मिलिमीटर व्यासाची आणि १,००० मिलिमीटर नाभीय अंतराची परावर्तक दुर्बीण, आकाशाच्या गतीने फिरणारी मोटारीची बैठक आणि एक जुना डीएसएलआर कॅमेरा आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात घराच्या माळवदावरून मी एम ८७ या दीर्घिकेचे तीस-तीस सेकंदांचे दीडशे फोटो काढले आणि संगणकावर ते एकत्र केले. दीर्घिकेच्या मधल्या ठिपक्यातून निघालेली एक अगदी आखूड रेघ त्यात दिसते. कृष्णविवराजवळून निघालेला झोत तो हाच, असे मी शाळेत सांगितले, तेव्हा एका सहकाऱ्याने उपग्रहाच्या मागाची किंवा दुर्बिणीतील दोषाची शंका काढली. ही रेघ खरी आहे हे कसे ठरवावे, आणि खरी असल्यास तिला कृष्णविवराचा पुरावा म्हणता येईल का?

उत्तर : आपल्या सहकाऱ्याची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिचेच पाहू. दीडशे फोटोंचे पन्नास-पन्नासचे तीन गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठा स्वतंत्रपणे एकत्र करावा. उपग्रहाचा माग एखाद्या फोटोत असतो आणि तो चौकट ओलांडून जातो. तीनही गठ्ठ्यांत त्याच जागी, तेवढ्याच लांबीची रेघ आली तर उपग्रहाचा प्रश्न मिटला. नंतर दुसऱ्या रात्री कॅमेरा दुर्बिणीत नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा फोटो घ्यावेत. दोष कॅमेऱ्यातला असेल तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरेल, आकाशातली वस्तू मात्र ताऱ्यांच्या संदर्भात जागची हलणार नाही. दुय्यम आरशाच्या आधारपट्ट्यांमुळे पडणारे किरण प्रत्येक ठळक ताऱ्याला आणि समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना दिसतात. एम ८७ चा दिसणारा झोत एकाच बाजूला, पश्चिमेकडे किंचित उत्तरेला कललेला आहे.

आता लांबी मोजावी. हा झोत आकाशात सुमारे २० विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) लांब दिसतो, म्हणजे दुर्बिणीतून दिसणाऱ्या गुरूच्या बिंबाच्या साधारण निम्मा. आपल्या कॅमेऱ्यातील एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा धरला, तर १,००० मिलिमीटर नाभीय अंतरावर तो आकाशातील सुमारे ०.९ विकला व्यापतो आणि झोत बावीस-तेवीस पिक्सेल भरतो. (याच कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स लावली असती तर सारा झोत जेमतेम एका पिक्सेलात मावला असता, त्यामुळे नुसत्या कॅमेऱ्याने टिपलेल्या झोताचे दावे मी वाचून सोडून देतो.) रंगही पाहावा. दीर्घिकेचा प्रकाश म्हाताऱ्या ताऱ्यांचा, म्हणून पिवळसर असतो. झोताचा प्रकाश प्रकाशवेगाच्या जवळपास धावणाऱ्या आणि चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा असल्यामुळे रेघ निळसर उतरायला हवी.

तीस सेकंदांचे एक्सपोजर आपण निवडले, हे योग्यच झाले. दोन वर्षांपूर्वी औसा तालुक्यातील एका शेतातल्या धाब्याच्या घरावरून मी तीन-तीन मिनिटांची एक्सपोजर घेत बसलो होतो. शेजारच्या बाजेवर झोपलेले घरमालक मध्येच उठून विचारत, 'सापडलं का?' आणि मला पडद्यावर दर वेळी पांढऱ्या गोळ्याखेरीज काही दिसत नसे. केंद्राजवळचा भाग भाजून निघाला होता आणि झोत त्या उजेडात बुडाला होता. तिसऱ्या रात्री एक्सपोजर वीस सेकंदांवर आणले, प्रक्रिया करताना उजळपणा वाढवण्याऐवजी कमी केला, तेव्हा कुठे बुंध्यातून फुटलेल्या काडीसारखी ती रेघ दिसली.

रेघ या साऱ्या कसोट्यांना उतरली, असे धरून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. हीच रेघ १९१८ मध्ये लिक वेधशाळेतील हेबर कर्टिस यांनी पाहिली आणि तिची नोंद केली, परंतु ती कशामुळे निर्माण झाली हे त्यांना किंवा त्या काळी कोणालाच सांगता आले नाही. म्हणजे रेघ दिसणे आणि कृष्णविवर सिद्ध होणे या दोन गोष्टींच्या मध्ये बराच रस्ता आहे. १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने या दीर्घिकेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या वायूचा वेग मोजला. केंद्रापासून सुमारे ६० प्रकाशवर्षांवर तो सेकंदाला साधारण ५५० किलोमीटर भरला, आणि इतक्या लहान जागेत अब्जावधी सूर्यांचे वस्तुमान कोंबल्याखेरीज हा वेग शक्य नव्हता. पुढे १० एप्रिल २०१९ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोप या जगभरच्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने टिपलेली एम ८७ च्या कृष्णविवराची प्रसिद्ध प्रतिमा जाहीर झाली, आणि तिच्यावरून हे वस्तुमान साडेसहा अब्ज सूर्यांएवढे ठरले. त्या प्रतिमेतील कड्याचा व्यास सुमारे ४२ मायक्रोविकला, म्हणजे विकलेचे ४२ दशलक्षांश आहे. आपल्या फोटोतील झोत त्याच्या पावणेपाच लाखपट लांब आहे.

शेजाऱ्याच्या शिवारात पाइपातून पाणी उसळताना रस्त्यावरून दिसले की खाली मोटार चालू आहे हे कळते. ती किती अश्वशक्तीची आहे, हे नुसत्या पाण्याकडे पाहून कळत नाही. आपल्या रेघेचे तसेच आहे. न्यायालयाच्या भाषेत तिला परिस्थितिजन्य पुरावा म्हणावे, आणि विद्यार्थ्यांना सांगताना १९९४ आणि २०१९ ची साक्ष तिच्या शेजारी ठेवावी. 'मी कृष्णविवराचा फोटो काढला' हे वाक्य मात्र टाळावे.

प्रश्न : (याच वाचकाचा) मग विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावे आणि त्यावरून कृष्णविवरापर्यंत विचार करावा, असे याच साहित्यात काही जमेल का?

उत्तर : जमेल, आणि माझे मत विचाराल तर झोताच्या फोटोपेक्षा ते अधिक मोलाचे आहे. एम ८७ पासून सरळ दक्षिणेकडे दहा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या एका मुठीएवढे उतरले की थ्री-सी २७३ हा क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा येतो. त्याची प्रत (तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक) सुमारे १२.९ आहे, म्हणजे आपल्या दुर्बिणीला तो अवघड नाही, फक्त तो हुबेहूब ताऱ्यासारखा दिसतो आणि फोटो पाहून कोणी दाद देत नाही.

कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे साधारण ६० मिलिमीटरवर मिलिमीटरला शंभर रेघांची विवर्तन जाळी, म्हणजे प्रकाश रंगांत विभागणारी बारीक रेघांची काच बसवावी. हौशी निरीक्षकांसाठी ती फिल्टरच्या कड्यात बसवलेली मिळते. आता प्रत्येक ताऱ्याच्या ठिपक्याच्या बाजूला त्याचा वर्णपट पट्टीसारखा पडेल. आधी जवळच्याच उत्तरा फाल्गुनीचा फोटो घ्यावा. या पांढऱ्या ताऱ्याच्या वर्णपटात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठसठशीत असतात, आणि त्यांवरून किती पिक्सेल म्हणजे किती नॅनोमीटर हे ठरते; वर सांगितलेल्या मांडणीत एक पिक्सेल सुमारे ०.७ नॅनोमीटरचा येतो. मग काहीही न हलवता क्वेसारकडे वळावे आणि लहान लहान एक्सपोजर जोडून तासाभराचा प्रकाश जमवावा. जवळच्या एखाद्या ताऱ्याची पट्टी क्वेसारच्या पट्टीवर येत असेल तर कॅमेरा थोडा फिरवावा लागेल. पहिल्या रात्री हे बहुधा होतेच.

त्याच्या पट्टीवर काळ्या रेषांऐवजी रुंद, उजळ उंचवटे दिसतील. हायड्रोजनची जी रेषा प्रयोगशाळेत ४८६ नॅनोमीटरवर असते ती येथे ५६३ च्या आसपास मिळेल, म्हणजे शंभराहून अधिक पिक्सेल सरकलेली. (तांबडी रेषा सरकून ७६० जवळ जाते आणि नेमका तिथेच आपल्या हवेतील ऑक्सिजन प्रकाश गिळतो, म्हणून तिच्या मागे लागू नये.) फरकाला मूळ तरंगलांबीने भागले की ०.१५८ येतात. मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीच्या वर्णपटावरून १९६३ मध्ये काढलेला आकडा हाच होता. तो आपल्या वर्गातील मुलांना पट्टी आणि पेन्सिल घेऊन काढता येईल.

पुढचा विचार फळ्यावर करायचा आहे. तरंगलांबी सोळा टक्के ताणली गेली असेल तर विश्वाच्या प्रसरणानुसार ही वस्तू दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे. एवढ्या अंतरावरून तेराव्या प्रतीची दिसायची, तर तिचा प्रकाश काही लाख कोटी सूर्यांएवढा हवा. शिवाय हार्वर्ड वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून काचपट्ट्यांवर घेतलेले आकाशाचे जुने फोटो तपासले, तेव्हा हा प्रकाश काही महिन्यांतही कमीजास्त होतो असे आढळले. जी वस्तू महिन्यांत बदलते तिचा प्रकाशणारा भाग काही प्रकाशमहिन्यांपेक्षा फारसा मोठा असू शकत नाही. एवढ्या जागेत एवढे तारे बसवता येत नाहीत, आणि बसवले तरी हायड्रोजनच्या मीलनातून वस्तुमानाच्या ०.७ टक्केच ऊर्जा मिळते. कृष्णविवरात पडणारा वायू मात्र तापून त्याहून कितीतरी पट ऊर्जा बाहेर टाकू शकतो. या साखळीतील पहिली आणि सर्वांत अवघड कडी, म्हणजे अंतर, विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेली असेल.

प्रश्न : हिंगोली येथील आमच्या महाविद्यालयाच्या छंदमंडळाकडे १५० मिलिमीटरची दुर्बीण आणि कॅमेरा आहे. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराचा परिणाम त्यात टिपता येईल का? औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो प्रकल्पाला आमच्या निरीक्षणांचा काही उपयोग होईल का?

उत्तर : पहिल्याचे उत्तर नाही. धनु राशीतील त्या दिशेला इतकी धूळ आहे की केंद्राचा दृश्य प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. तेथील ताऱ्यांच्या कक्षा मोठ्या दुर्बिणींनी अवरक्त प्रकाशात मोजल्या गेल्या. दुसऱ्याचेही उत्तर साधारणपणे नाहीच, कारण लायगो चार-चार किलोमीटरच्या भुजांमधून गुरुत्वीय लहरी मोजणार आहे आणि दोन कृष्णविवरांच्या मीलनातून कॅमेऱ्याला दिसेल असा प्रकाश सहसा निघत नाही.

आपल्याला करण्याजोगे काम हंस तारकासमूहात आहे. व्ही ४०४ सिग्नी या जोडीत सुमारे नऊ सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर सोबतच्या ताऱ्याचा वायू ओढून घेते. एरवी ही जोडी अठराव्या प्रतीच्या आसपास असते. जून २०१५ मध्ये ती अचानक उजळून अकराव्या-बाराव्या प्रतीपर्यंत आली आणि तिचा लुकलुकाट लहान दुर्बिणीतूनही मिनिटामिनिटाला दिसत होता. क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यावर प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात हौशी निरीक्षकांची मोजमापे वापरली आहेत. तिचे याआधीचे उद्रेक १९३८ आणि १९८९ मध्ये नोंदले गेले आहेत. पुढचा कधी होईल हे ठरलेले नाही. दसऱ्यानंतर आकाश निवळले की आठवड्यातून एकदा त्या जागेचा, चौदाव्या-पंधराव्या प्रतीपर्यंतचे तारे येतील असा फोटो घ्यावा आणि तो तारीखवार जपून ठेवावा. नकाशात जिथे व्ही ४०४ ची खूण आहे, तिथे आपल्या फोटोत काहीच दिसणार नाही. ज्या रात्री तिथे ठिपका उमटेल त्या रात्री झोपू नये आणि ढग येईपर्यंत दर मिनिटाला एक फोटो घेत राहावे.