गुडघेदुखी असलेल्या आईला आणि वडिलांना घेऊन काशीला जायचे आहे; हॉटेल घाटावरचे घ्यावे की स्टेशनजवळचे?

तुम्ही प्रश्नात दिलेले तपशील असे आहेत: वडील 74 वर्षांचे, आई 69 वर्षांची, आईच्या दोन्ही गुडघ्यांना त्रास, डिसेंबरमध्ये चार रात्रींचा मुक्काम, आणि खोलीच्या खिडकीतून गंगा दिसावी ही वडिलांची इच्छा. एवढे सगळे नीट लिहून शेवटी मात्र तुम्ही 'एखादे चांगले हॉटेल सुचवा' असे म्हटले आहे. काशीत चांगले हॉटेल वेगळे आणि तुमच्या आईला झेपेल असे हॉटेल वेगळे. गाडी जिथे थांबते तिथपासून खोलीतल्या पलंगापर्यंतची वाट कशी आहे, यावर तिथे सगळे ठरते. म्हणून नाव सांगण्याऐवजी ती वाट आधी कशी तपासायची, हे सविस्तर लिहितो.

काशीत गंगा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि सगळे जुने शहर तिच्या पश्चिमेकडील उंच काठावर, अस्सी घाटापासून राजघाटापर्यंत वसलेले आहे. काठ उंच असल्यामुळे घाट म्हणजे पायऱ्याच, आणि घाटांमागची वस्ती अशा गल्ल्यांची आहे की समोरून कोणी आले तर अंग चोरून उभे राहावे लागते. या गल्ल्यांत मोटार जात नाही, रिक्षा जात नाही. दुचाकी मात्र जाते, आणि ती नेमकी मागून हॉर्न वाजवत येते. काशीत कशाकशापासून जपावे हे सांगणारी तिथली एक जुनी म्हण आहे, तिच्यात सांड आणि संन्यासी यांच्या पंगतीला पायरीही बसवलेली आहे. आपल्याकडच्या यात्रेकरूंना सांडाचे आणि पंड्यांचे भय वाटते. पायरीचा विचार बहुधा तिथे पोहोचल्यावरच सुरू होतो.

माझेही तसेच झाले. 2023 च्या फेब्रुवारीत मी आई आणि आत्या या दोघींना घेऊन गेलो होतो. गच्चीतून गंगेवरचा सूर्योदय दिसतो, असे छायाचित्र पाहून मणिकर्णिका घाटाच्या उत्तरेकडचे एक अतिथिगृह ठरवले होते. स्टेशनवरून केलेल्या गाडीने आम्हाला मैदागिन चौकात उतरवले, कारण तिथून पुढे विश्वनाथ मंदिराजवळच्या गोदौलिया चौकाकडे जाणारा रस्ता वाहनांसाठी बंद होता. अतिथिगृहाला फोन केला, तर पलीकडचा मुलगा आनंदाने म्हणाला, "बस, दो मिनट का रास्ता है।" ते दोन मिनिटांचे अंतर आम्ही पाऊण तासात कापले. वाटेत एका वळणावर गल्लीची सगळी रुंदी व्यापून एक सांड स्वस्थ उभा होता. तो हलेपर्यंत आत्या एका मिठाईच्या दुकानाच्या फळीवर बसून राहिली आणि 'मी इथेच राहते, तुम्ही दर्शन घेऊन या' असे म्हणू लागली. त्यानंतर इमारतीच्या आतला जिना आला, उंच आणि अरुंद दगडी पायऱ्यांचा. प्रदक्षिणा मोजाव्यात तशा तिने त्या मोठ्याने मोजल्या. त्रेचाळीस भरल्या.

खोली खरोखर सुंदर होती, खिडकीत गंगाही होती, आणि याच कारणाने तिथल्या मालकाला मी दोष देत नाही. मी जे विचारले नाही ते त्याने सांगितले नाही, इतकेच. पण पुढचे दोन दिवस आई खाली उतरली ती फक्त एकदा. काशीला जाऊन तिने गंगा खिडकीतून पाहिली आणि स्नान बादलीतल्या पाण्याने केले. तिसऱ्या दिवशी आम्ही अस्सीजवळच्या एका साध्या लॉजमध्ये तळमजल्यावर मुक्काम हलवला आणि मग यात्रा सुरू झाली.

माझे मत विचाराल तर तुम्हीही अस्सीच्या बाजूलाच राहावे. तिथे रस्ता घाटाच्या बराच जवळ येतो, ई-रिक्षा हॉटेलच्या दारापर्यंत किंवा दारापासून थोड्या अंतरापर्यंत पोहोचते, आणि 2014 पासून रोज पहाटे 'सुबह-ए-बनारस' हा आरती आणि गायनाचा कार्यक्रम त्याच घाटावर होतो, त्यामुळे वडिलांची गंगेची हौस तिथे सहज भागते. संकटमोचन, दुर्गाकुंड आणि तुलसी मानस मंदिर याच भागात आहेत. विश्वनाथाचे मंदिर मात्र सुमारे तीन किलोमीटर लांब पडते, आणि दर्शनाच्या दिवशी रिक्षाने गोदौलियापर्यंत जाऊन पुढे काही अंतर चालण्याची तयारी ठेवावी लागते.

स्टेशनजवळच्या, म्हणजे कँट स्टेशन आणि छावणीच्या भागातल्या हॉटेलांना लिफ्ट असते, रस्ते रुंद असतात, गाडी पोर्चमध्ये येते आणि खोल्या मोठ्या असतात. सरकारी पर्यटक निवास हवे असल्यास उत्तर प्रदेश पर्यटन विभागाचा 'राही' बंगला स्टेशनसमोरच्या परेड कोठी भागात आहे. पण तिथून घाटाकडे जाणे-येणे रोज दोनदा करायचे म्हटले की गर्दीत प्रत्येक फेरीला किती वेळ जाईल याचा नेम राहत नाही, आणि दुपारी घटकाभर पाठ टेकून संध्याकाळी पुन्हा आरतीला जाणे वृद्धांना जमत नाही. एका रात्रीचा मुक्काम असता तर मी छावणीच सुचवली असती. चार रात्रींसाठी नाही.

गोदौलिया आणि दशाश्वमेध यांच्या परिसरात राहायचे असेल तर त्याला एकच सबळ कारण आहे, आणि ते म्हणजे विश्वनाथाची मंगला आरती. ती पहाटे तीनच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे त्याआधी उठून, आवरून मंदिरापर्यंत पोहोचायचे असते. तुमच्या वडिलांना ती करायचीच असेल तर त्या एका रात्रीपुरती मंदिराजवळ खोली घ्यावी आणि बाकीच्या तीन रात्री अस्सीला काढाव्यात. यासाठी पितृकार्याच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येणाऱ्यांची सोय करणारी ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट परिसरातली मराठी घरेही काही जण सुचवतील. तिथे वरण-भात मिळतो, मराठी बोलणारे भेटतात आणि विधींची व्यवस्था होते, हे सगळे खरे. पण तो भागही गल्ल्यांचा आणि पायऱ्यांचाच आहे, म्हणून तुमच्या आईसाठी मी तो सुचवत नाही.

खिडकीतून गंगा दिसावी या इच्छेबद्दल एक गोष्ट वडिलांना अवश्य सांगा. घाटावरच्या खोलीतून घाट दिसत नाहीत. दिसते ते पात्र आणि पलीकडच्या तीराची रेती. ज्या दृश्यासाठी माणसे काशीला जातात ते नदीतून दिसते. त्यामुळे महागड्या खोलीसाठी जे जास्तीचे पैसे द्यायचे ते वाचवून सकाळी तास-दीड तासाची नाव करावी. अस्सीहून उत्तरेकडे जाताना दरभंगा घाट, अहिल्याबाई घाट, दशाश्वमेध, मणिकर्णिका, तिच्याशेजारी शिंद्यांचा घाट आणि तिथले कललेले रत्नेश्वर मंदिर, मग भोसले घाट, अशी ओळख पटत जाते आणि वडिलांना आपल्याच इतिहासाची उजळणी झाल्यासारखे वाटते. नावेत चढताना-उतरताना आईला दोन्ही बाजूंनी आधार लागेल. ते कठीण वाटल्यास राजघाटाजवळच्या नमो घाटावर चौकशी करावी, कारण तिथे गाडी बरीच जवळ जाते. खर्चाची अडचणच नसेल, तर दरभंगा घाटावरच्या जुन्या राजवाड्यात बृजरामा नावाचे हॉटेल आहे. तिथे पाहुण्यांना नावेने नेतात आणि आत लिफ्ट आहे. मात्र तिथले दर पाहून वडीलच बहुधा 'नको' म्हणतील.

आता प्रत्यक्ष हॉटेल ठरवण्याबद्दल. दोन-तीन नावे काढलीत की आरक्षण करण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करा आणि 'किती लांब आहे' असे विचारू नका, कारण काशीत त्याचे उत्तर नेहमी 'दोन मिनिटे' हेच असते. गाडी नेमक्या कोणत्या चौकात किंवा कोणत्या दुकानासमोर थांबेल, तिथून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, खोली कोणत्या मजल्यावर आहे, आणि लिफ्ट असल्यास ती तळमजल्यापासून सुरू होते की अर्धा जिना चढून गेल्यावर, हे विचारा. हा शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटेल, पण जुन्या इमारतीत नंतर बसवलेल्या लिफ्टच्या बाबतीत तो फार कामाचा ठरतो. न्हाणीघराचा उंबरठा केवढा उंच आहे, कमोड आहे का आणि त्याच्याजवळ धरायला काही आहे का, हेही विचारून घ्या. शक्य असल्यास दारापासून खोलीपर्यंत चालत जातानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर मागवा. जो मालक तो लगेच पाठवतो त्याच्याकडे निम्मी चिंता मिटते. जो 'आप आइए तो सही' म्हणतो त्याचे नाव यादीतून काढावे.

लोकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून मधले तीन-चार ताऱ्यांचे वाचा, कारण त्यांत रागही नसतो आणि उपकाराची भावनाही नसते. पाहुण्यांनी काढलेली छायाचित्रे मालकाच्या छायाचित्रांपेक्षा विश्वासार्ह असतात; त्यांत जिना शोधा. पैसे आगाऊ भरण्याआधी फोन क्रमांक दोन ठिकाणांहून पडताळा, कारण खऱ्या हॉटेलच्या नावाने खोटी पाने तयार करून यूपीआयवर रक्कम उकळण्याचे प्रकार तीर्थक्षेत्री होतात. शिवाय स्टेशनबाहेर एखादा रिक्षावाला 'ते हॉटेल बंद झाले' असे सांगू लागला तर वाद न घालता हॉटेलला फोन लावून त्याच्याच हातात द्यावा.

दराविषयी थोडक्यात: दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या खोलीवर 18 टक्के, तेव्हा सांगितलेला दर करासह आहे की कराविना, हे विचारून घ्यावे. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात काशीत पाय ठेवायला जागा नसते आणि दरही चढतात. तारखा तुमच्या हातात असतील तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या.

डिसेंबरच्या उत्तरार्धात धुकेही सुरू होते, गाड्या तासन् तास उशिरा येतात, आणि मुंबई-पुण्याच्या माणसाला कल्पना नसते इतकी थंडी पडते. गीझरचे पाणी ठरावीक वेळीच मिळते की दिवसभर, जादा रजई मिळेल का, आणि खोलीत हीटर लावू देतात का, हे आधीच कळलेले बरे. गाडी पहाटे पोहोचणारी असेल तर खोली दुपारी बारापूर्वी मिळणार नाही असे गृहीत धरून आदल्या रात्रीचेही पैसे भरावेत. थंडीत वृद्ध माणसांना स्वागतकक्षातल्या बाकावर सहा तास बसवून ठेवण्यापेक्षा तो खर्च परवडतो. आणि गॅलरी असलेली खोली मिळालीच, तर दार उघडे ठेवून चष्मा किंवा औषधांची पिशवी बाहेर ठेवू नका. आमच्या आत्याची कवळी माकडाच्या हातून थोडक्यात वाचली, ती केवळ डबीचे झाकण घट्ट होते म्हणून.