वाचकांचे प्रश्न: चेन सेट नक्की कधी बदलायचा?

प्रश्न: नमस्कार, माझी 150 सीसीची बाईक आहे, रोज धायरीहून चाकणला कंपनीत जातो. गाडी 18 हजार किलोमीटर झालीय. चेन टाइट केली की पंधरा दिवसांत परत सैल होते आणि हळू चालवताना खालून कटकट आवाज येतो. एक गॅरेजवाला म्हणतो पूर्ण चेन सेट बदला, दुसरा म्हणतो एवढा खर्च कशाला, कडी काढून देतो, अजून वर्षभर चालेल. चेन नक्की किती टिकायला पाहिजे?
– एक वाचक, धायरी

उत्तर: कडी काढायला देऊ नका, प्लीज. चेन लांब होते ती प्रत्येक कडीतली पिन आणि बुश (पिनभोवतीची छोटी नळी) थोडं थोडं झिजून, आणि अशा शंभराच्या वर कड्या असतात, म्हणजे एक-दोन काढल्या तरी बाकी सगळ्या झिजलेल्याच राहणार. त्या झिजलेल्या कड्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राच्या) दात्यांवर नीट बसत नाहीत, वर चढतात, आणि लोडवर चेन दाते सोडून घसरू शकते. कात्रजच्या घाटात मागे ट्रक असताना असं झालं तर काय होईल विचार करा.

किलोमीटरचं म्हणाल तर साधी चेन साधारण 15 ते 20 हजार, ओ-रिंगवाली (कड्यांत ग्रीस टिकवणाऱ्या रबरी रिंगा असलेली) नीट सांभाळली तर 25-30 हजार पण जाते, आणि दुर्लक्ष केलं तर 10 हजारात पण संपते. तुमचा रूट बघता, बायपासची धूळ, डंपर, पावसात उडणारा चिखल, 18 हजार म्हणजे तिने आपलं काम केलंय असंच म्हणेन. पण माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः मोजा. चेनच्या साइडला नंबर असतो, 150 सीसीला बऱ्याचदा 428. तिच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी, म्हणजे 20 कड्यांचं नवीन माप 254 मिमी. चेन ताणून धरा, एका पिनच्या मध्यापासून (ती न मोजता) पुढच्या विसाव्या पिनच्या मध्यापर्यंत पट्टी लावा, 259 च्या आसपास आलं तर विषय संपला, चेन बदला. पट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या एकदम मागच्या टोकाला चेन बोटाने धरून मागे ओढा, अर्धा दाता उघडा दिसला तरी तेच.

आणि बदलाल तेव्हा पूर्ण सेट, म्हणजे तिन्ही बदला, चेन, पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट. पुढचं लहान असतं, दाते कमी, त्यामुळे तेच आधी जातं आणि कव्हरच्या आत असल्यामुळे कोणी बघत नाही. दाते एका बाजूला वाकून आकड्यासारखे झाले असतील तर त्यावर नवीन चेन टाकलीत की ती पण लवकर खराब होणार, पैसे दोनदा जाणार. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांत घ्यायला गेलात तर मॉडेल आणि वर्ष दोन्ही सांगा आणि दात्यांची संख्या जुन्याशी जुळवून घ्या, नाहीतर गाडीचं पिकअप आणि टॉप स्पीड दोन्ही बदलतं.

नवीन बसवल्यावर दर 500 किमीला ऑइल, पावसाळ्यात त्याच्याही आधी, भिजून आलात की पुसून लगेच. कंपनीतून घरी आल्यावर चेन कोमट असते तेव्हा खालच्या भागाच्या आतल्या बाजूने 90 नंबरचं गियर ऑइल लावा, थोड्या वेळाने जास्तीचं पुसून टाका, कारण चोपडून ठेवलेल्या ऑइलला धूळ चिकटून तीच चेनला घासत बसते. टाइट करताना स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर जेवढा प्ले, म्हणजे चेनचा वर-खाली सैलपणा, दिलाय तेवढाच ठेवा, बहुतेक गाड्यांना 20 ते 30 मिमी. खूप टाइट ठेवू नका, मागे कोणी बसलं की शॉकॅब दबून चेन अजून ओढली जाते आणि सगळा ताण बेअरिंगवर येतो.

प्रश्न: चेन पेट्रोलने धुतली तर चालेल का? ओ-रिंगवाली आहे.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: नको, रबराच्या रिंगा खराब होतात आणि मग आतलं ग्रीस जातं. तारेचा ब्रशही नको. रॉकेल चालतं, पण हल्ली सहज मिळत नाही, मग चेन क्लीनरचा स्प्रे आणि मऊ ब्रश घ्या. एक मात्र कळकळीने सांगतो, गाडी मेन स्टँडवर लावून, गियर टाकून, इंजिन चालू ठेवून चेन पुसायची सवय असेल तर आजच सोडा, फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं की बोट सोबत जातं. इंजिन बंद, न्यूट्रल, आणि चाक हाताने फिरवा.