एकाच जागेचे राज्य

प्रश्न : अमेरिकेतील वायोमिंग राज्यातून प्रतिनिधिगृहावर (तेथील संसदेच्या कनिष्ठ सभागृहावर) एकच सदस्य निवडून जातो आणि २०२२ मध्ये तेथील विद्यमान सदस्य लिझ चेनी यांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी घरी बसवले, असे वाचले. अख्ख्या राज्याला एकच जागा कशी? आणि नोव्हेंबरची निवडणूक होण्याआधीच त्यांचा निकाल कसा लागला?

उत्तर : प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी जनगणनेनुसार राज्यांत वाटल्या जातात आणि राज्य कितीही लहान असले तरी किमान एक जागा त्याला राज्यघटनेनेच दिलेली आहे. २०२० च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या ५,७६,८५१ भरली; देशभरात एका जागेमागे सरासरी साडेसात लाखांहून अधिक लोक येतात. अलास्का, डेलावेअर, व्हरमाँट, नॉर्थ डकोटा आणि साउथ डकोटा ही राज्येही याच पंगतीतली. या वाटपात काठावरच्या राज्यांची मोठी गंमत होते. डेलावेअरच्या ९ लाख ९० हजार लोकांना एक सदस्य मिळाला, तर त्याहून एक लाखानेही मोठे नसलेल्या माँटानाला दोन मिळाले.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि खरा मुद्दा तोच आहे. वायोमिंगची ही जागा १९७९ पासून सलग रिपब्लिकन पक्षाकडे आहे (त्या वर्षी तेथून सदस्य झालेले डिक चेनी हे लिझ यांचे वडील). एकाच पक्षाचे असे वर्चस्व असले की नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती उरते आणि सामना होतो तो पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत. १६ ऑगस्ट २०२२ रोजी ती झाली. ट्रम्प यांच्यावरील दुसऱ्या महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन सदस्यांपैकी चेनी एक होत्या. त्यांना सुमारे २९ टक्के आणि ट्रम्प यांचा पाठिंबा असलेल्या हॅरिएट हेगमन यांना ६६ टक्के मते पडली. राज्यातील २३ काउंटींपैकी (जिल्ह्यांपैकी) टीटन आणि ऑल्बनी या दोनच चेनींच्या बाजूने राहिल्या. तेथे प्राथमिक निवडणुकीत त्या पक्षाचे म्हणून नोंदलेले मतदारच मत देऊ शकतात; त्या वेळी मतदानाच्या दिवशीही ही पक्षनोंदणी बदलता येत असे, त्यामुळे अनेक डेमोक्रॅट मतदारांनी रिपब्लिकन म्हणून नोंद करून चेनींना मते दिली, पण ती पुरली नाहीत. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून उमेदवारी अर्ज भरणे सुरू झाल्यापासून प्राथमिक निवडणूक होईपर्यंत पक्ष बदलण्यास बंदी घातली.

नेमक्या त्याच दिवशी एकच जागा असलेल्या अलास्कामध्येही मतदान झाले, मात्र अगदी वेगळ्या नियमांनी. तेथे २०२० मध्ये मतदारांनी कौल देऊन पक्षनिहाय प्राथमिक निवडणूक मोडीत काढली होती. नव्या पद्धतीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर येतात, पहिले चार पुढे जातात आणि अंतिम मतदानात मतदार पसंतीक्रम लावतो; कोणालाच निम्म्याहून अधिक मते नसली तर शेवटचा उमेदवार बाद होऊन त्याची मते पुढच्या पसंतीला जातात. अलास्काचे सदस्य डॉन यंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेसाठी जूनमध्ये ४८ उमेदवार उभे होते. त्यांत नॉर्थ पोल नावाच्या गावचे, कायदेशीर नावानेच सँटा क्लॉज असलेले एक नगरसेवकही होते. पुढे गेलेल्या चौघांपैकी एकाने माघार घेतली. ऑगस्टमध्ये मेरी पेल्टोला यांना सुमारे ४०, रिपब्लिकन सारा पेलिन यांना ३१ आणि रिपब्लिकनच असलेल्या निक बेगिच यांना २८ टक्के पहिल्या पसंतीची मते मिळाली. बेगिच बाद झाल्यावर त्यांच्या मतदारांपैकी जेमतेम निम्म्यांची दुसरी पसंती त्यांच्याच पक्षाच्या पेलिन यांना गेली, अनेकांनी पेल्टोलांना दिली, कित्येकांनी ती लिहिलीच नव्हती आणि ३१ ऑगस्टला डेमोक्रॅट पेल्टोला विजयी ठरल्या.

वायोमिंगमध्ये अलास्काचे नियम असते तर चेनी वाचल्या असत्या, असा सूर पुष्कळांनी लावला. मला तो पटत नाही. पहिल्या चारांत त्या सहज आल्या असत्या, हे खरे; पण हेगमन यांना ऑगस्टमध्येच पडलेली १ लाख १३ हजार मते ही नोव्हेंबरमध्ये झालेल्या एकूण मतदानाच्या निम्म्याहून अधिक होती. नियम बदलल्याने निकाल फिरतो तो मते तिघांत विभागलेली असतात तेव्हा. दोन तृतीयांश मते एकीकडे असताना पसंतीक्रमाची पाळीच येत नाही.

प्रश्न : अशा राज्याची एकमेव जागा मध्येच रिकामी झाली, तर तेथील गव्हर्नर कोणाची नेमणूक करतात?

उत्तर : कोणाचीही नाही. सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, रिक्त जागेवर बहुतेक राज्यांत गव्हर्नर तात्पुरती नेमणूक करू शकतात. प्रतिनिधिगृहात मात्र निवडून आल्याखेरीज प्रवेश नाही आणि गव्हर्नरांचे काम पोटनिवडणूक पुकारण्यापुरते असते. अनेक जागा असलेल्या राज्याचे यात फारसे बिघडत नाही. एकाच जागेच्या राज्याला मात्र तोवर प्रतिनिधिगृहात मतच उरत नाही. यंग यांचे निधन १८ मार्च २०२२ रोजी झाले आणि पेल्टोला यांचा शपथविधी १३ सप्टेंबरला. या जवळपास सहा महिन्यांत तेथे झालेल्या प्रत्येक मतदानात अलास्काच्या नावापुढे काहीच नव्हते.