गणिताच्या गप्पा: २१४७४८३६४७ मध्ये एवढं काय आहे?

प्रश्न: मुलाच्या मोबाईल गेममध्ये कॉइन्स २१४७४८३६४७ झाले आणि तिथेच अडकले. तो म्हणतो हा प्राइम नंबर (मूळ संख्या) आहे. एवढा मोठा आकडा प्राइम आहे हे कॉम्प्युटर नसताना कुणी आणि कसं ठरवलं?
— एक वाचक, सांगली

उत्तर: पोरगं बरोबर बोलतंय! हा आकडा म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७, म्हणजेच २ चा ३१ वा घात वजा १. असल्या, २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन प्राइम म्हणतात, आणि लहानापासून मोजत गेलात तर ही आठवी.

ही मूळ आहे हे सिद्ध केलं ऑयलर या गणितज्ञाने, १७७२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला, आणि तेव्हा त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. आता सरळ मार्गाने जायचं तर वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, त्या निघतात साडेचार हजारांच्या वर, कोण करत बसणार! ऑयलर एवढा भाबडा नव्हता. फर्माच्या छोट्या सिद्धांतावरून कळतं की हिला एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल तर त्या संख्येतून १ वजा केल्यावर ६२ ने भाग जायलाच हवा, शिवाय दुसऱ्या एका नियमाने, त्या संख्येला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरायला हवी. या दोन अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी देणारेच उमेदवार शिल्लक राहतात, ४६३४० पर्यंत असे जेमतेम पावणेचारशे, आणि त्यातले जे मूळच नाहीत ते परत वगळायचे. एकानेही भाग गेला नाही, विषय संपला. पुढे कित्येक दशकं याहून मोठी मूळ संख्या कुणाला माहीतच नव्हती. मला विचाराल तर खरी करामत भागाकारात नाहीच, कुठले भागाकार करायचे नाहीत हे ठरवण्यात आहे.

प्रश्न: पण गेम नेमका तिथेच का अडकला?

उत्तर: त्याचा प्राइम असण्याशी काही संबंध नाही हो. गेम हा आकडा ३२ बिटमध्ये, म्हणजे ० किंवा १ च्या ३२ घरांत ठेवतो. त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरलेले ३१ सगळे १ केले की हाच आकडा येतो, पुढे जागाच नाही. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याचे व्ह्यूज इथवर पोचले तेव्हा यूट्यूबने मोजणी ६४ बिटवर नेली. जुन्या सिस्टीममध्ये वेळसुद्धा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत अशीच मोजतात, ती १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते, त्याच्या आत अपडेट करून घ्या म्हणजे झालं.

प्रश्न: मग ६४ बिटचा सगळ्यात मोठा आकडा पण प्राइमच ना?

उत्तर: नाही! तो २ चा ६३ वा घात वजा १, म्हणजे ९२२३३७२०३६८५४७७५८०७. ६३ ला ३ ने भाग जातो, त्यामुळे या आकड्याला २ चा घन वजा १, म्हणजे ७ ने भाग जाणारच. ७३ नेही जातो, १२७ नेही जातो. मुलाला म्हणावं कागदावर करून बघ.