करिअर मार्गदर्शन : ड्रायव्हर लिहायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीत राहते. ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना डिव्हाइस ड्रायव्हरमध्येच (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्राममध्येच) काम करावंसं वाटू लागलं. पण ड्रायव्हर हार्डवेअरच्या मेमरीपर्यंत नेमका कसा पोहोचतो, हे पुस्तकातल्या आकृतीपलीकडे कळलेलं नाही. घरी आठ जीबी रॅमचा एकच लॅपटॉप आहे. बाबा सातपूरला कंपनीत आहेत. ते म्हणतात, वेब डेव्हलपमेंटचा कोर्स कर, नोकरी लवकर लागेल. काय करू?

उत्तर : बाबांची काळजी रास्त आहे. वेबच्या कामात नवख्यांना जागा जास्त असतात आणि ते काम नाशिकमध्ये राहूनही मिळू शकतं. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आणि ड्रायव्हरच्या जागा मुख्यतः पुणे, बेंगळुरू, हैदराबादला असतात. हा रस्ता धरलास तर घर सोडावं लागेल, हे आजच घरी मोकळेपणाने बोलून घे. पण या कामाच्या मुलाखतीत एक गोष्ट मार्कांपेक्षा जास्त मोजली जाते : कोडमधली एक ओळ चालल्यावर हार्डवेअरमध्ये काय घडलं, ते तुला पुराव्यासह दाखवता येतं का? हे तुझ्याच लॅपटॉपवर, एक पैसा खर्च न करता शिकता येईल.

लिनक्सवर क्यूईएमयू बसव, ते लॅपटॉपच्या आत एक आभासी संगणक (व्हर्च्युअल मशीन) चालवतं. त्यात एज्यु नावाचं एक पीसीआय डिव्हाइस (संगणकाच्या पीसीआय जोडणीवर बसणारं आभासी कार्ड) आहे, ते केवळ शिकण्यासाठी बनवलेलं आहे. व्हर्च्युअल मशीनला दोन जीबी रॅम आणि एकच कोअर दे, सुरू करताना एज्यु जोड. आत पीसीआय डिव्हाइसांची यादी देणारी एलएसपीसीआय ही कमांड चालवलीस की व्हेंडर आयडी १२३४ असलेलं डिव्हाइस दिसेल. त्याचा बार-शून्य (पहिला बेस ॲड्रेस रजिस्टर) १ एमबीचा आहे, म्हणजे प्रोसेसरच्या ॲड्रेस स्पेसमधला तेवढा तुकडा या डिव्हाइसच्या नावावर आहे. प्रॉक या फोल्डरमधली आयओमेम फाइल वाचून हाच पत्ता शोध. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून वाच, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतात आणि मुलं तासभर गोंधळतात.

आता छोटा ड्रायव्हर लिही. क्रम असा : डिव्हाइस एनेबल करायचं, रीजन (तोच पत्त्यांचा तुकडा) आपल्या नावावर घ्यायचं, मग आयओरीमॅप या फंक्शनने त्या फिजिकल पत्त्याला कर्नलचा व्हर्च्युअल पत्ता मिळवायचा. पुढचं वाचन-लेखन रीडएल आणि राइटएल या कर्नलच्या फंक्शननीच कर. साध्या पॉइंटरने एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर काम झाल्यासारखं वाटतं, पण कंपायलर ती वाचनं-लेखनं पुढेमागे करू शकतो किंवा गाळू शकतो. स्पार्स हे टूल अशा चुका पकडून देतं, ते पहिल्या दिवसापासून वापर.

ऑफसेट (त्या तुकड्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ०४ वर कोणतीही संख्या लिहून परत वाच. प्रत्येक बिट उलटा होऊन आला तर तुझा मार्ग बरोबर आहे. मग ऑफसेट ०८ वर ५ लिही, डिव्हाइस त्याचा फॅक्टोरियल काढतं. लगेच वाचू नकोस. ऑफसेट २० च्या स्टेटस रजिस्टरमधला (डिव्हाइसची स्थिती सांगणाऱ्या खणातला) सर्वांत खालचा बिट शून्य होईपर्यंत थांब, मग वाच. उत्तर १२०, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या संख्यापद्धतीत) ७८. हे सगळे ऑफसेट हेक्समध्ये आहेत. ८० च्या खालच्या रजिस्टरला चार बाइटचाच ॲक्सेस चालतो, एकेक बाइट वाचायला गेलीस तर खरी किंमत मिळणार नाही. आणि एखाद्या पीसीआय डिव्हाइसकडून सगळे बिट एक आले, तर आधी एनेबल करायचं राहिलं का ते तपास.

मागोवा घेण्याचा भाग इथून सुरू होतो आणि खरं शिक्षण इथेच आहे. एक्स८६ कर्नलच्या एफट्रेस या मागोवा घेणाऱ्या सुविधेत एमएमआयओट्रेस हा ट्रेसर (नोंदी ठेवणारा भाग) असतो. उपलब्ध ट्रेसरच्या यादीत नसेल तर तो पर्याय चालू करून कर्नल बांधावा लागतो. मॅप केलेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) तो मुद्दाम 'गैरहजर' ठरवतो. ड्रायव्हरने तिथे हात लावला की पेज फॉल्ट (पान नसल्याची अडवणूक) होतो, ट्रेसर नोंद घेतो, प्रोसेसरची ती एक सूचना (इन्स्ट्रक्शन) पार पाडू देतो आणि पान पुन्हा गैरहजर करतो. म्हणून ट्रेसर आधी सुरू कर, मॉड्यूल (तुझा ड्रायव्हर) नंतर लोड कर. उलट केलंस तर मॅपिंग आधीच झालेलं असतं आणि ट्रेस रिकामा येतो. प्रत्येक ओळीत वाचन की लेखन, किती बाइट, वेळ, फिजिकल पत्ता आणि किंमत मिळते. त्या पत्त्यातून मॅपच्या ओळीतला सुरुवातीचा पत्ता वजा कर, ऑफसेट हातात येतो. नोंदी हरवल्याचा इशारा दिसला तर बफर (नोंदी साठवायची जागा) वाढव. हा प्रयोग व्हर्च्युअल मशीनमध्येच कर : सिक्युअर बूट असलेल्या लॅपटॉपवर कर्नल लॉकडाउनमध्ये (कडक सुरक्षा स्थितीत) असेल तर हा ट्रेसर चालू देत नाही.

एक मर्यादा नीट समजून घे. डीएमएमध्ये (डायरेक्ट मेमरी ॲक्सेसमध्ये) डिव्हाइस स्वतः रॅममध्ये लिहितं, ते या ट्रेसमध्ये दिसत नाही. दिसतं फक्त ८०, ८८, ९० आणि ९८ या रजिस्टरमध्ये तू भरलेलं सोर्स, डेस्टिनेशन, लांबी आणि कमांड. एज्यु मूळ सेटिंगमध्ये २८ बिटांचेच पत्ते जाणतं, म्हणजे पहिल्या २५६ एमबीपर्यंतचे. ड्रायव्हरमध्ये डीएमए मास्क (डिव्हाइसला किती बिटांचे पत्ते चालतात ती मर्यादा) २८ बिटांचा ठेवला नाहीस, तर दोन जीबीच्या मशीनमध्ये पत्त्याचे वरचे बिट कापले जाऊन डेटा भलत्याच जागी पडू शकतो. बस मास्टर (डिव्हाइसला स्वतः मेमरीत वाचू-लिहू देणारी परवानगी) चालू करायला विसरलीस तर काहीच हलणार नाही. या दोन्ही चुका एकदा मुद्दाम करून बघ आणि दोन्ही वेळचे ट्रेस जपून ठेव.

रास्पबेरी पायसारखा बोर्ड (छोटा संगणक) नंतर घे. रास्पबेरी पाय ४ चं डेटाशीट जीपीआयओचा (बोर्डाच्या पिना चालवणाऱ्या भागाचा) पत्ता ७ई ने सुरू होणारा सांगतं, आयओमेममध्ये तोच एफई ने सुरू होतो. पहिला बस ॲड्रेस, दुसरा प्रोसेसरला दिसणारा; एकाचं दुसऱ्यात भाषांतर डिव्हाइस ट्रीच्या (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलच्या) रेंजेस या नोंदीत असतं. एमएमआयओट्रेस एआरएमवर (या बोर्डातल्या प्रोसेसरच्या प्रकारावर) नाही, तिथे कर्नलमधले रीड-राइटचे ट्रेस इव्हेंट चालू करावे लागतात.

नोकरीसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा पीजी-डीईएसडी हा एम्बेडेडचा पूर्णवेळ अभ्यासक्रम बघ, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. पण फी भरण्याआधी या सुट्टीत एज्युचा ड्रायव्हर, दोन ट्रेस आणि प्रत्येक ओळीचा अर्थ सांगणारी तीन-चार पानं गिटहबवर टाक. सुट्टी संपेपर्यंत यात मन रमलं नाही तर बाबा म्हणतात तो वेबचा कोर्स घे, त्यात तुझं काही वाया जाणार नाही. रमलं तर कर्नलच्या स्टेजिंग (अजून पक्के न झालेल्या ड्रायव्हरच्या) विभागातल्या एखाद्या ड्रायव्हरमधली छोटी दुरुस्ती चेकपॅच या कोड तपासणाऱ्या स्क्रिप्टमधून काढून मेलने पाठव, आणि ती स्वीकारली गेली तर तिची लिंक बायोडाटाच्या पहिल्या ओळीत दे.